धान्याची वाट आणि युद्धाचा निकाल

प्राचीन युद्धांचा इतिहास आपण बहुधा रणांगणाचा इतिहास म्हणून शिकतो. मॅरेथॉनला कोणती फळी मोडली, कॅनीला घोडदळ कोणत्या बाजूने आले, कोणता सेनापती धूर्त आणि कोणता उतावळा. या वर्णनात समुद्र आला तर तोही रणांगण म्हणूनच येतो. सालामिसच्या चिंचोळ्या पाण्यात इराणी जहाजे अडकली, ग्रीकांनी ती फोडली, प्रकरण संपले. अथेन्स आणि स्पार्टा यांच्या प्रदीर्घ युद्धाचा (इ.स.पू. ४३१ ते ४०४) निकाल तर एका वाक्यात लावला जातो. लोकशाहीच्या धुंदीत अथेन्सने सिसिलीवर स्वारी केली, तिथे आरमार गमावले आणि शिस्तीची स्पार्टा जिंकली.

हे आकलन उथळ आहे. प्राचीन भूमध्य समुद्रावर आरमाराची खरी ताकद एखादी लढाई मारण्यात नव्हती. धान्याची आणि पैशाची वाट आपल्यासाठी उघडी आणि शत्रूसाठी बंद ठेवण्यात ती होती. आरमार व्यापाराची राखण करी, व्यापार आरमाराला पोसे. ज्याचे हे चक्र चालू राहिले तो पराभवामागून पराभव पचवून पुन्हा उभा राहिला. ज्याचे तुटले त्याला एकच पराभव पुरला. हे म्हणणे मी मुख्यतः अथेन्स-स्पार्टा युद्धावर तपासून पाहणार आहे, कारण त्याच्याइतकी बारीक नोंद प्राचीन काळातल्या फार थोड्या युद्धांची उरली आहे. मग रोम आणि आपला कोकण किनारा यांवर तेच ताडून पाहू.

१. आधी हिशेब: एका जहाजाचा महिना

त्या काळचे लढाऊ जहाज म्हणजे ट्रायरीम. एकावर एक अशा तीन रांगांत १७० वल्हेकरी आणि बाकीचे खलाशी, सैनिक, तांडेल धरून सुमारे २०० माणसे. वल्हेकऱ्याची दिवसाची मजुरी काळाप्रमाणे बदलत गेली, पण युद्धाच्या पहिल्या पर्वात ती एक द्राख्मापर्यंत जाई. सहा हजार द्राख्मांचा एक टॅलंट, म्हणजे सुमारे २६ किलो चांदी. दोनशे माणसे, तीस दिवस, रोजचा एक द्राख्मा: एका जहाजाचा एका महिन्याचा नुसता पगार एक टॅलंट. शंभर जहाजे सहा महिने समुद्रावर ठेवायची तर सहाशे टॅलंट.

हा आकडा लक्षात ठेवावा. इतिहासकार थ्युसिडिडीजने नोंदवल्याप्रमाणे युद्धाच्या तोंडावर अथेन्सचा नेता पेरिक्लीज याने अथेन्सवासीयांना जी जमा सांगितली, तीत मित्रराज्यांकडून येणारी वार्षिक खंडणी साधारण सहाशे टॅलंट होती आणि अ‍ॅक्रोपोलिसवर सहा हजार टॅलंटांची नाणी शिल्लक होती. म्हणजे शंभर जहाजांचा एक मोसम साऱ्या साम्राज्याची वर्षाची खंडणी खाऊन टाकू शकत होता. अथेन्सपाशी तीनशे जहाजे होती.

दुसरी गोष्ट जहाजाच्या बांधणीची. ट्रायरीम हलकी, अरुंद आणि वेगवान. तिच्यात माणसे दाटीवाटीने बसत, पण धान्य आणि पाणी साठवायला जवळजवळ जागा नसे. जेवायला आणि झोपायला माणसे किनाऱ्यावर उतरत. त्यामुळे आरमाराला रोज एक स्नेही किनारा लागे, आणि त्या किनाऱ्यावर बाजार लागे. ज्याच्या हाती बंदरे नाहीत त्याची जहाजे कितीही असोत, ती समुद्रावर टिकत नसत. आरमार हे असे पहिल्या दिवसापासून बाजारपेठेला बांधलेले होते.

२. अथेन्सचे पोट परदेशात

अ‍ॅटिकाची जमीन खडकाळ. तिथे ऑलिव्ह आणि द्राक्षे चांगली येत, गहू बेताचा. वाढत्या शहराचे धान्य बाहेरून येई, आणि त्यातला फार मोठा वाटा काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरून. पुढे इ.स.पू. ३५५ मध्ये वक्ता डेमॉस्थेनीज सांगतो की त्या भागातून अथेन्सला चार लाख मेडिम्नोस धान्य येते आणि बाकी सगळीकडून मिळून तेवढेच. एक मेडिम्नोस म्हणजे सुमारे ५२ लिटर. हे सारे धान्य दोन अरुंद गळ्यांतून यायचे: बायझँटियमजवळचा बॉस्पोरस आणि त्याच्या खाली हेलेस्पाँट, म्हणजे आजची दार्दानेल्स सामुद्रधुनी.

अथेन्सला हे पुरते ठाऊक होते. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास लॉरियनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला तेव्हा ती नागरिकांत वाटून टाकावी असा विचार होता. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीज याने तिची जहाजे बांधायला लावली. त्या जहाजांनी सालामिस जिंकले. पण त्याहून बोलके आहे ते पुढचे पाऊल. इराणी सैन्य ग्रीसमधून हटल्याबरोबर अथेन्सच्या आरमाराने वेढा घातला तो हेलेस्पाँटवरच्या सेस्टॉसला. विजयानंतरचे पहिले मोठे काम म्हणून त्यांनी धान्याच्या गळ्यावर हात ठेवला.

नंतरच्या पन्नास वर्षांत हा हात घट्ट होत गेला. शिलालेखांतून असे दिसते की हेलेस्पाँटवर अथेन्सचे रखवालदार बसत, आणि मेथोनीसारख्या मित्रशहरालाही बायझँटियमहून ठरावीक धान्य न्यायची मुभा अथेन्सच्या ठरावाने मिळे. म्हणजे अथेन्स केवळ स्वतःचे पोट राखत नव्हते, इतरांच्या पोटाची किल्लीही त्याच्याकडे होती.

आता युद्धाची पहिली वर्षे पाहा. स्पार्टाचे सैन्य ४३१ पासून पुन्हा पुन्हा अ‍ॅटिकात शिरले, शेते जाळली, ऑलिव्हची झाडे तोडली. शहर आणि पिरेअस बंदर यांना जोडणाऱ्या लांब भिंतींच्या आत अथेन्सचे लोक बसून राहिले. भयंकर साथ आली, पेरिक्लीज गेला, पण उपासमारीने शहर शरण आले नाही. जमिनीवरची सर्वांत बलाढ्य फौज दारात उभी असताना धान्य मागच्या दाराने येत राहिले.

३. सिसिलीने अथेन्स संपले नाही

सिसिलीचा पराभव (४१३) प्रचंड होता, यात शंका नाही. सुमारे दोनशे जहाजे आणि हजारो अनुभवी माणसे गेली. पण युद्ध त्यानंतर नऊ वर्षे चालले. जी लोकप्रिय मांडणी सिसिलीला शेवट ठरवते, तिच्याकडे या नऊ वर्षांचे उत्तर नाही.

उत्तर हिशेबात आहे. युद्धाच्या आरंभीच अथेन्सने एक हजार टॅलंट बाजूला काढून ठेवले होते. ४१२ मध्ये ते बाहेर काढून नवे आरमार उभे केले. मित्रराज्यांच्या खंडणीऐवजी समुद्रमार्गाने होणाऱ्या आयात-निर्यातीवर पाच टक्के जकात बसवली, कारण त्यातून जास्त पैसा येईल असा अंदाज होता. साम्राज्याची आवक उघडपणे व्यापारावर टेकवली गेली. आणि त्यानंतर तीन मोठ्या सागरी लढाया कुठे झाल्या? सायनोसेमा आणि अबायडॉस हेलेस्पाँटमध्ये, सिझिकस (४१०) त्याच्या पलीकडच्या मार्मारा समुद्रात. तिन्ही धान्याच्या वाटेवर, आणि तिन्ही अथेन्सने जिंकल्या. सिझिकसनंतर त्यांनी बॉस्पोरसच्या तोंडाशी क्रिसोपोलिसला जकातनाके बसवले आणि काळ्या समुद्रातून उतरणाऱ्या मालावर दशांश कर घेऊ लागले. सिसिलीत हरलेले शहर तीन वर्षांत पुन्हा उभे राहिले ते या वाटेच्या बळावर.

४. डेसेलियाच्या टेकडीवरून दिसलेले सत्य

स्पार्टाने ४१३ पासून अथेन्सच्या उत्तरेला डेसेलिया येथे कायमचे ठाणे दिले. याने घाव खोल बसला. वीस हजारांहून अधिक गुलाम पळून गेले, लॉरियनची चांदी थांबली, युबीया बेटावरून जमिनीमार्गे येणारा माल वळसा घालून समुद्रातून आणावा लागला. तरीही शहर पडेना.

इतिहासकार झेनोफन सांगतो की डेसेलियावर तळ देऊन बसलेल्या राजा आगिसला एकदा तिथून दिसले की धान्याची असंख्य जहाजे पिरेअसकडे चालली आहेत. तेव्हा तो म्हणाला की समुद्रावरून धान्य जिथून येते ती जागा हाती घेतल्याशिवाय अथेन्सवासीयांना जमिनीपासून तोडून काही उपयोग नाही. त्याने स्पार्टाच्या क्लिआर्कसला जहाजे देऊन बायझँटियमकडे धाडले. एकवीस वर्षे लढल्यावर स्पार्टाच्या राजाच्या तोंडून हा निष्कर्ष निघावा, यात सगळे आले. जगातले उत्तम पायदळ शत्रूच्या दारात बसून शत्रूचे धान्य उतरताना पाहत होते.

५. एक ओबोल आणि एक उघडी पुळण

निष्कर्ष काढणे वेगळे आणि आरमार पोसणे वेगळे. स्पार्टाकडे ना खजिना, ना व्यापार. हे छिद्र इराणने बुजवले. इराणी राजपुत्र सायरस ४०७ मध्ये पाचशे टॅलंट घेऊन आशिया मायनरमध्ये आला. स्पार्टाचा सेनानी लायसँडर याने मजुरी वाढवून मागितली. सायरसने नियमावर बोट ठेवले. मग मेजवानीत सायरसने विचारले, काय केले तर तुला सर्वांत आनंद होईल? लायसँडर म्हणाला, प्रत्येक खलाशाच्या मजुरीत एक ओबोल (द्राख्माहून लहान नाणे) वाढव. मजुरी तीनाची चार ओबोल झाली, थकबाकी फिटली, वर महिन्याची आगाऊ रक्कम मिळाली. वल्हेकरी अनेक शहरांतून भाड्याने येत. जिथे चार ओबोल तिकडे ते वळणारच. माझ्या मते त्या मेजवानीतला एक ओबोल सिसिलीतल्या दोनशे जहाजांपेक्षा भारी ठरला.

याची परीक्षा लगेच झाली. ४०६ मध्ये आर्गिनुसाई येथे अथेन्सने मोठा विजय मिळवला. स्पार्टाच्या बाजूची सत्तरच्या आसपास जहाजे गेली. पण हे आरमार उभारताना अथेन्सला विजयदेवतेच्या सोन्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडावी लागली आणि वल्ह्यावर गुलाम बसवावे लागले. हरलेल्या स्पार्टाने वर्षभरात सायरसच्या पैशातून नवे आरमार उभे केले. जिंकलेल्या अथेन्सपाशी दुसरे आरमार बांधण्याची ताकद उरली नव्हती.

मग ४०५ चा उन्हाळा. लायसँडरने हेलेस्पाँटच्या आशियाई काठावरचे लॅम्प्सॅकस घेतले: चांगले बंदर, भरलेली कोठारे. समोरच्या काठावर इगोस्पोटामी येथे अथेन्सची १८० जहाजे उघड्या पुळणीवर लागली. तिथे ना बंदर, ना गाव. धान्य सेस्टॉसहून आणावे लागे. जवळच राहणारा अथेन्सचा माजी सेनापती अल्सिबायडीज येऊन सांगून गेला की सेस्टॉसला हला, तिथे बंदरही आहे आणि बाजारही. सेनापतींनी त्याला परत पाठवले. चार दिवस अथेन्सची जहाजे लढाईचे आव्हान देऊन परतली आणि माणसे अन्न विकत घ्यायला रोज अधिकाधिक लांब पांगू लागली. पाचव्या दिवशी ती पांगल्यावर लायसँडरच्या टेहळणीच्या होडीने सामुद्रधुनीच्या मध्यावर ढाल उंचावून खूण केली. अथेन्सचा सेनापती कॉनन मोजक्या जहाजांनिशी निसटला. बाकीचे बहुतेक सारे आरमार किनाऱ्यावरच पकडले गेले. अथेन्सचे शेवटचे आरमार बुडाले नाही. त्याची माणसे जेवण आणायला गेली होती.

लायसँडर लगोलग अथेन्सवर गेला नाही. त्याने आधी बायझँटियम आणि कॅल्सिडॉन ताब्यात घेतले आणि ठिकठिकाणच्या अथेनियन शिबंदीला मुद्दाम अथेन्सला परत धाडले, कारण शहरात तोंडे जितकी जास्त तितके धान्य लवकर संपणार. मग दीडशे जहाजांनी पिरेअस रोखले. ४०४ मध्ये अथेन्स शरण आले. पुढे ३८७ मध्ये सावरलेले अथेन्स पुन्हा तह करायला तयार झाले, तेही स्पार्टाच्या अँटाल्सिडासने हेलेस्पाँट रोखल्यावरच.

६. रोमची कसोटी

यावर कोणी म्हणेल, हे एका शहराचे वैशिष्ट्य झाले. म्हणून पहिले प्युनिक युद्ध (२६४ ते २४१) घेऊ. व्यापारी कार्थेज हरले आणि शेतकऱ्यांचे रोम जिंकले, म्हणून हे उदाहरण माझ्या विरोधात सांगितले जाते.

रोमने वादळांत आणि लढायांत आरमारामागून आरमार गमावले. इतिहासकार पॉलिबियसच्या नोंदीप्रमाणे २५५ च्या एकाच वादळात ३६४ पैकी फक्त ८० जहाजे वाचली. २४२ पर्यंत सरकारी तिजोरी रिकामी झाली, तेव्हा श्रीमंत नागरिकांनी, विजय मिळाला तर परत मिळेल या बोलीवर पैसे घालून दोनशे जहाजे बांधली. याउलट कार्थेजने रोम पुन्हा समुद्रावर येणार नाही असे धरून आपले आरमार सुस्त पडू दिले होते. सिसिलीच्या डोंगरावर कार्थेजचा सेनापती हमिल्कार बार्का अपराजित बसला होता, पण त्याची रसद समुद्रातून येई. मार्च २४१ मध्ये ईगेट्स बेटांजवळ रोमने कार्थेजचा ताफा गाठला तेव्हा त्याची जहाजे धान्याने लादलेली होती. ती लढू शकली नाहीत. जमिनीवर न हरलेल्या हमिल्कारला तह करावा लागला.

कार्थेजच्या हॅनिबलने पुढच्या युद्धात आल्प्स ओलांडले, त्याची वर्णने आपण कौतुकाने वाचतो. पण समुद्र रोमच्या हाती होता, हे त्या खडतर वाटेमागचे मोठे कारण होते. कॅनी जिंकूनही त्याला नेपल्सचे बंदर मिळाले नाही, आणि टॅरेंटम शहर हाती आले तरी बंदरावर नजर ठेवणारा किल्ला रोमकडेच राहिला. कार्थेजहून त्याला पुरेशी कुमक कधीच पोचली नाही.

७. कल्याणचे अडवलेले बंदर

हाच न्याय आपल्या किनाऱ्यावरही दिसतो, आणि तोही आरमारी लढाईची नोंद नसताना. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक मार्गदर्शिकेत म्हटले आहे की कल्याण हे पूर्वी कायदेशीर बाजाराचे बंदर होते, पण सत्ता पालटल्यावर तिथला व्यापार अडला. चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. त्याच ग्रंथात पैठणचा माल भडोचला जातो, हे अंतर वीस दिवसांचे आहे, असेही आहे. भडोच क्षत्रप नहपानाच्या हाती होते. म्हणजे सातवाहनांच्या पैठणचा माल घाट उतरून जवळच्या कल्याणला न जाता शत्रूच्या बंदरात जात होता आणि त्यावरचा फायदा शत्रूच्या तिजोरीत. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात भडोच आणि सोपाऱ्यातली धर्मशाळांची दाने, नद्यांवरच्या मोफत होड्या नोंदवतो. ही व्यापारी वाटेची व्यवस्था होती. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला, त्याची साक्ष १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी देतात. ती नहपानाची, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. तो संघर्ष मला घाट, बंदर आणि चांदी यांवरचा वाटतो.

८. आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप: जिंकली ती स्पार्टा, म्हणजे भूसत्ताच. उत्तर वर आलेच आहे. भूसत्ता म्हणून स्पार्टा वीस वर्षांहून अधिक काळ निकाल लावू शकली नाही. इराणच्या पैशावर ती समुद्रसत्ता बनली तेव्हा निकाल लागला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: अलेक्झांडरने ३३४ मध्ये मायलेटसला आपले बहुतेक आरमार मोडीत काढले आणि तरी इराण जिंकले. पण त्याने समुद्राकडे पाठ फिरवली नाही. त्याने बंदरे घ्यायला सुरुवात केली, म्हणजे इराणी आरमाराला उतरायला किनाराच उरू नये. टायर बंदरासाठी तो सात महिने अडून बसला, आणि ते पडले तेही फिनिशियन व सायप्रसची जहाजे त्याच्या बाजूला आल्यावर. ट्रायरीमला रोज किनारा लागतो, हे त्याने आपल्या कोणत्याही टीकाकारापेक्षा नीट ओळखले होते.

तिसरा आक्षेप: इगोस्पोटामी ही सेनापतींची गाफिली होती, तिच्यातून नियम काय काढणार? गाफिली होतीच. पण गाफिली सगळ्यांकडून होते. आर्गिनुसाईनंतर स्पार्टा सावरली आणि इगोस्पोटामीनंतर अथेन्स सावरले नाही, हा फरक गाफिलीने समजत नाही. तो तिजोरीने समजतो.

चौथा आक्षेप: मग माणसाच्या निर्णयाला आणि शौर्याला काही किंमतच नाही का? आहे, आणि मोठी आहे. लॉरियनच्या चांदीची जहाजे करा हा आग्रह निर्णय होता, आगिसचे निरीक्षण निर्णय होता, रोमच्या श्रीमंत नागरिकांनी स्वतःचा पैसा पणाला लावणे हा धैर्याचाच निर्णय होता. माझे म्हणणे इतकेच की निर्णायक धैर्य आपण चुकीच्या जागी शोधत आलो आहोत.

९. युद्ध कसे वाचावे

कोणत्याही प्राचीन युद्धाला आधी तीन प्रश्न विचारावेत. या सैन्याचे आणि शहराचे धान्य कुठून येते? ती वाट कोणत्या अरुंद जागेतून जाते आणि तिथे कोण बसले आहे? आज सगळे आरमार गेले तर पुढच्या वर्षी दुसरे उभारायला पैसा कोणाचा? शौर्य आणि डावपेच यांची चर्चा या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावर करावी. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांना हे नाते उमगले होते. त्यांच्या आज्ञापत्रात दुर्ग आणि आरमार यांच्या जोडीने सावकारांचाही स्वतंत्र विचार आहे. आपण मात्र आरमाराचा इतिहास जहाजांच्या संख्येत मोजतो.

या उथळपणाने ज्ञानाचे नुकसान होतेच, अन्यायही होतो. अथेन्सचे वल्हेकरी मुख्यतः गरीब नागरिक, भाड्याने आलेले परके आणि शेवटी गुलाम होते. धान्य आणणारे तांडेल, बंदरातले हमाल, खाणीत खपणारे गुलाम, यांच्यापैकी कोणाचेही नाव आपण घेत नाही आणि सेनापतींची नावे पाठ करतो. युद्धाचा निकाल धान्य आणि मजुरी यांवर ठरत होता हे मान्य केले, की तो निकाल घडवणारे लोकही इतिहासात आपोआप आत येतात. त्यांना वगळून लिहिलेला युद्धाचा इतिहास अपुरा तर आहेच, पण कोण का जिंकले या त्याने स्वतःच उभ्या केलेल्या प्रश्नाचे उत्तरही तो चुकीचे देतो.